चेष्टेवरून बेतलेले कपडे

फॅशनचं सदर माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या कपाटात चार पंजाबी ड्रेस आणि कामावर नेसायच्या तीन साड्या होत्या. जळगावच्या एका दैनिकाच्या महिला पुरवणीत मी पाककृती, मेंदीचे नमुने आणि वाचकांची पत्रं बघायचे. फॅशनवर लिहिणाऱ्या बाई लग्न होऊन पुण्याला गेल्या आणि पुरवणीचं काम बघणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे नाना म्हणत, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता हे तू कर."

"नाना, मला त्यातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं? फोटो बघायचा, चारशे शब्द लिहायचे."

मी धरणगावची. आमच्याकडे नवा कपडा दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नात. कपडा चांगला की वाईट याची कसोटीही ठरलेली. अंगभर आहे का, रंग जातो का, आणि धाकटीला पुढे वापरता येईल का. फॅशन म्हणजे यापलीकडचं काहीतरी झगमगीत, जरीचं, नटलेलं असणार, एवढीच माझी कल्पना होती.

मी काम सुरू केलं तो फाल्गुन होता. सकाळी अकरालाच रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागलं होतं. नानांनी परदेशातल्या ऑटम कलेक्शनचे फोटो आणि व्हिडिओ पाठवले. ऑटम म्हणजे शरद ऋतू, तर मग तो फाल्गुनात कसा, असं मी विचारलं. "तिकडे सहा महिने आधी दाखवतात," नाना म्हणाले. "शिवायला वेळ नको?"

पहिला व्हिडिओ लावला आणि पहिली मुलगी चालत आली. मला वाटलं, हिला अपघात झालाय. केस ओले, कपाळाला चिकटलेले. कोटाला एकच बाही. दुसऱ्या खांद्यावरून दोरे लोंबत होते. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही, काही नाही. तिच्यामागून दुसरी आली. तिचे खांदे तिच्या अंगापेक्षा वीतभर बाहेर गेलेले आणि बाह्या गुडघ्यापर्यंत. तिसरीनं कपडा उलटा घातला होता, सगळ्या शिवणी बाहेर. चौथी आली ती पायघोळ, जाडजूड, टाके घातलेल्या कशात तरी गुंडाळलेली. आणि समोर बसलेली, बहुतेक काळ्या कपड्यांतली माणसं हे सगळं न हसता बघत होती. एखाद्या मयताला बसावं तशी.

मी खुर्ची मागे सरकवली. एवढ्या मोठ्या जगात, एवढ्या पैशाच्या कंपन्या, एवढी हुशार माणसं आणि त्यांनी मिळून हे ठरवलंय? माझ्या आईनं उसवलेला परकर दाराबाहेर वाळत घातला तरी आजी ओरडायची. इथे उसवलेलं घालून मुली चालत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते.

या धक्क्यातच मी पहिला लेख लिहिला. लिहिला म्हणजे चेष्टा केली. दुसरं काय करणार? "यंदाचे कोट पाहून वाटतं, बाई झोपेतून उठली आणि गोधडीसकट बाजारात गेली," असं पहिलंच वाक्य. नाना ते वाचून एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग मला सूरच सापडला. एका ढगळ ड्रेसबद्दल लिहिलं, "कापसाच्या बारदानाला दोन बाह्या लावल्या की झालं, मापबिप घ्यायची भानगड नाही." आणखी एका झग्याबद्दल लिहिलं ते वाक्य मला आजही पाठ आहे. त्या झग्याचा एक खांदा सरळ होता आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत चुण्याच चुण्या. मी लिहिलं, "शिंप्यानं बाईच्या निम्म्याच अंगाचं माप घेतलं आणि उरलेल्या निम्म्याला अंदाजपंचे कापड लावलं."

सदर चाललं. बसमध्ये बायका ते मोठ्यानं वाचतात, असं कुणीतरी सांगितलं. चारशे शब्दांचे सहाशे झाले. पुरवणीचं आतलं पान काळंपांढरं असायचं आणि त्या कागदावर फोटो असा उमटायचा की बाई कुठली आणि पडदा कुठला ते कळू नये. त्यामुळे फोटोचं काम माझ्या शब्दांनाच करावं लागे. मी कोट कसा आहे ते सांगायचे आणि लगेच त्याची टर उडवायचे. दर फाल्गुनात ऑटम यायचा आणि मी तयारच असायचे. अशी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी, नवरात्र संपून चार दिवस झाले असतील, दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी शिंदखेड्याहून बोलते. शिवणक्लास चालवते. तुमचे कपडे तयार आहेत, बघायला या."

"माझे कपडे? मी कुठे टाकलेत शिवायला?"

"तुम्हीच नाही का लिहिले? तेच शिवलेत. येत्या रविवारी दाखवणार आहोत. सगळ्या बायकाच असतील."

मी गोंधळून हो म्हटलं. फोन ठेवल्यावर नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "जा की. एक फोटो फीचर होईल."

रविवारी सकाळी जळगावहून पॅसेंजर धरली. धरणगाव आलं आणि गेलं. पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणीला आलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या दिसत होत्या, साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेल्या. मला वाटत होतं, चारदोन मुलींनी हौसेनं फ्रॉक शिवले असतील, आपण दोन शब्द बोलू, नारळ घेऊ आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊ.

फोन करणाऱ्या बाई स्टेशनवर आल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, सलवार-कमीझ, डोक्यावर ओढणी, आणि गळ्यात विसरून राहिलेली मापाची टेप. गावात सगळे त्यांना आपा म्हणत. त्यांचे वडील पिंजारी होते. घरोघर जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. गादीला टाके घालायला आपा सातव्या वर्षी शिकल्या होत्या. हे त्यांनी मला रिक्षात सांगितलं. मी फारसं लक्ष दिलं नाही, कारण रिक्षा उडत होती.

मुलींच्या शाळेच्या अंगणात कार्यक्रम होता. मधोमध लांब सतरंजी अंथरलेली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, वर मांडवाचं कापड. साठसत्तर बायका तरी असतील. कॉलेजच्या मुली, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, बुरख्यातल्या, लेकरं कडेवर घेतलेल्या. मला पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात लिंबू सरबताचा ग्लास दिला.

मग एक मुलगी माइकपाशी उभी राहिली. तिच्या हातात एक जाड वही होती, आणि वहीत कात्रणं चिकटवलेली मला बसल्या जागेवरून दिसली. ती खणखणीत आवाजात वाचू लागली.

"यंदाचे कोट पाहून वाटतं, बाई झोपेतून उठली आणि गोधडीसकट बाजारात गेली."

माझे कान तापले. कुणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी हसलं नाही. वर्गाच्या दारातून एक मुलगी बाहेर आली, आणि तिच्या अंगात गोधडी होती. म्हणजे गोधडीचा कोट. जुन्या साड्यांचे तुकडे, त्यावर धावदोऱ्याच्या बारीक ओळी, उभ्या कॉलरपासून घोट्यापर्यंत. आत अगदी पातळ कापूस. खांदे असे बसले होते की ती मुलगी चालताना दोन इंच उंच वाटत होती. ती सतरंजीच्या टोकाला आली, वळली आणि परत गेली. ऑक्टोबरचं ऊन मांडवातून गाळून पडत होतं आणि तिच्या कपाळावर घाम होता, पण चाल बिघडली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलीनं पान उलटलं. "कापसाच्या बारदानाला दोन बाह्या लावल्या की झालं."

बारदान धुऊन मऊ केलेलं, आतून मांजरपाटाचं अस्तर. बाह्या मात्र तांबड्या, वाळल्या मिरचीच्या रंगाच्या. मी लिहिलं होतं मापाची भानगड नाही, आणि खरंच, तो ड्रेस आधी एका लठ्ठ बाईनं घालून दाखवला, मग आत जाऊन तिनं काढला आणि तोच एका किडकिडीत मुलीनं घालून दाखवला. दोघींना तो शोभला.

त्यापुढचं वाक्य शिवणी बाहेर आलेल्या कपड्याचं होतं. मी त्याला "शिंप्याकडे उसवायला दिलेला आणि तसाच परत आणलेला" म्हटलं होतं. त्यांनी काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं सगळ्या शिवणी बाहेरून घातल्या होत्या, इतक्या सरळ की त्या आखल्यासारख्या दिसत होत्या. माझ्या शेजारची म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "दखा, टाका लपाडेल नही." टाका लपवला नाही, असं. आयुष्यभर टाके लपवत आलेली असणार ती.

मी ग्लास हातात धरून नुसती बसले होते. सरबत प्यायचं भान नव्हतं. माझं एकेक वाक्य माइकवरून मलाच ऐकू येत होतं, आणि ते इतकं उथळ, इतकं शहाणपण मिरवणारं वाटत होतं की ते दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं. आणि प्रत्येक वाक्यानंतर दारातून जे येत होतं ते सुंदर होतं. मला दोन्हींचा मेळ लागत नव्हता.

मग ती मुलगी वाचू लागली, "शिंप्यानं बाईच्या निम्म्याच अंगाचं माप घेतलं…" आणि वाचता वाचता तिचा आवाज किंचित खाली आला.

दारातून पन्नाशीच्या आसपासची एक बाई आली. उन्हानं रापलेली, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळावर मोठं कुंकू. पायात साध्या चपला. अंगात गडद हिरव्या कापडाचा झगा. उजवा खांदा सरळ, सपाट. डाव्या खांद्यापासून चुण्या सुटलेल्या, एकावर एक, कमरेपर्यंत. ती सुरुवातीला भराभर चालली, जणू लवकर संपवायचंय. मध्यावर आल्यावर तिचा वेग कमी झाला. टोकाला येऊन ती थांबली. मग मागच्या रांगेतली एक बाई रडायला लागली, आणि तिच्या शेजारचीनं तोंडाला पदर लावला. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या त्या थांबेनात.

मला काही कळलं नाही. कार्यक्रम संपल्यावर मी आपांना बाजूला घेतलं. आधी जे सांगायलाच हवं होतं ते सांगितलं.

"आपा, मी ती सगळी चेष्टा केली होती. नावं ठेवली होती त्या कपड्यांना."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला मराठी कळतं."

"मग?"

"मग काय? चेष्टा करताना माणूस नीट बघतो. तुमच्या आधीच्या बाई लिहायच्या, सुंदर पेहराव, आकर्षक रंगसंगती. त्यावरून मी काय बेतू? तुम्ही लिहिलं, बाही गुडघ्यापर्यंत, चुण्या कमरेपर्यंत, खांदा वीतभर बाहेर. मला माप मिळालं."

मी त्या हिरव्या झग्याच्या बाईबद्दल विचारलं. आपांनी टेप गळ्यातून काढून बोटांभोवती गुंडाळली, मग बोलल्या.

"इथून जवळच्या खेड्यातली आहे. कापसाची शेती. दोन वर्षांमागे धुळ्याला गाठीचं ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू काढली. तेव्हापासून बाहेर निघायचीच नाही. शेतात तेवढी जायची, तिथं नवऱ्याचा शर्ट घालायची म्हणून. लग्नाला नाही, बारशाला नाही. माझ्याकडे ब्लाउज शिवायला आली तर माप घेऊ देईना. म्हणाली, जुन्या मापानंच शिव. जुन्या मापाचं शिवलं तर एक बाजू लोंबायची. मी आत कापूस भरून दिला, तो घामानं सरकायचा. मग क्लासमध्येच येऊन बसायला लागली, काजं करायची, बटणं लावायची. एक दिवस पोरी तुमचा लेख वाचत होत्या. ते निम्म्या अंगाचं आलं आणि पोरी गप्प झाल्या. मीपण. मला वाटलं, आता ही उठून जाणार आणि परत येणार नाही."

"गेली?"

"नाही. म्हणाली, 'मनं मापच आते तसं शे. माले हाऊ शिवी दे.'"

माझं मापच आता तसं आहे. मला हा शिवून दे.

मी तिथल्याच एका बाकावर बसले. ते वाक्य लिहिताना मी कशी होते ते मला आठवलं. पंख्याखाली, चहा घेत, आता नाना कुठे हसतील याचा अंदाज घेत. निम्म्या अंगाची बाई असू शकते, हे मला सुचलं नव्हतं. तसं कुणी असेल आणि ती हे वाचत असेल, हे तर नाहीच नाही. तीन वर्षं मी दूरदेशीच्या बायकांवर हसत होते असं समजत होते, आणि शब्द जाऊन पोचले होते इथे, दीड-दोन तासांच्या अंतरावर.

ती बाई स्वतःच माझ्याकडे आली. अजून तोच झगा अंगात होता.

"ताई, हाई तुम्हीन लिखेल शे ना?"

हो, मीच लिहिलंय, अशी मी मान हलवली. मला माफी मागायची होती, आणि मी ती मागितलीही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कशाबद्दल बोलतेय ते तिला उमगत नसावं.

"कसानी माफी? दखा," ती म्हणाली, "बठ्ठं झाकाई जास." सगळं झाकलं जातं, असं.

आणि तिनं दोन्ही हात वर केले. डावा हात पूर्ण वर जात नव्हता. जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत तिनं तो नेला, आणि चुण्या हातासोबत उलगडत गेल्या. कुठेही ओढ बसली नाही, कुठेही काही दिसलं नाही. तिनं मला दोनदा करून दाखवलं. मग हात खाली घेऊन म्हणाली, तिच्या भाचीचं लग्न आहे पुढल्या महिन्यात, ती जाणार आहे.

परतीच्या गाडीत मी काही टिपलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून सगळं लिहिलं, स्वतःच्या वाक्यांसकट. नानांनी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून बसले आणि परत वाचलं. ते हसले नाहीत. "छापू," ते म्हणाले, "पण आधी त्या बाईंना विचार. आणि गावात कुणाला ओळखू येता कामा नये." मी आपांमार्फत विचारलं. होकार आला, तरी मी काही तपशील बदलले.

लेखावर पत्रं आली. एका गृहस्थांनी लिहिलं, रविवारच्या पुरवणीत आजारपण कशाला, माणसं करमणुकीसाठी वाचतात. बाकीची पत्रं बायकांची होती, आणि बहुतेकींत एकच मागणी होती, त्या शिवणाऱ्या बाईंचा पत्ता द्या. धुळ्याहून, बोदवडहून, एक तर पार बऱ्हाणपुराहून. मी पत्ते आपांना कळवत राहिले. पुढच्या काही महिन्यांत तसंच ऑपरेशन झालेल्या अकरा जणी त्यांच्याकडे येऊन गेल्या. माप घेताना आपा दार लावून घ्यायच्या आणि कापूस भरायचं त्यांनी बंद केलं होतं.

पुढचा फाल्गुन आला, नवा ऑटम आला, आणि माझं लिहिणं अडलं. आता प्रत्येक वाक्याआधी मी थबकायचे. हे कुणाला लागेल का, ते कुणाच्या अंगावर जाईल का. शेवटी लिहिलं ते सगळं सावध आणि मिळमिळीत. पंधरा दिवसांनी आपांचा फोन आला.

"यंदाचं काही शिवता येत नाही."

"का?"

"'वैविध्यपूर्ण कोट', असं लिहिलंय तुम्ही. वैविध्य कसं कापू? तुम्ही भ्यायलात. असं करा, तो व्हिडिओच घेऊन इकडे या. आम्ही बघतो, तुम्ही लिहा."

म्हणून एका गुरुवारी मी कचेरीचा लॅपटॉप घेऊन शिंदखेड्याला गेले. क्लासच्या खोलीत पंधरासोळा जणी, मशिनी भिंतीला सरकवलेल्या, लॅपटॉप कापड कापायच्या टेबलावर. हिरव्या झग्याची बाई खिडकीपाशी बसली होती, हातात सुईदोरा. पहिली मॉडेल चालत आली तसं ती म्हणाली, "इले कोनी जेवाले देत नही का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ते तसंच टाइप केलं.

त्या वर्षी कमरेचे पट्टे फार होते, खोट्या केसाळ कातड्याचे कोट होते, हातमोजे थेट दंडापर्यंत. एका कोटावर दोन मुलींचं भांडण लागलं. एक म्हणे हा पुरुषाचा आहे, दुसरी म्हणे शेतात आपण काय घालतो मग? आपा मधूनमधून ओरडायच्या, "थांबवा. मागे घ्या. तो खांदा बघू द्या." मी मागे घ्यायचे.

मग एक झगा आला तो आरपार दिसणारा, जाळीचा, आत जवळजवळ काही नाही. माझा हात आपोआप पडद्यावर गेला. खोलीत म्हाताऱ्या होत्या, पोरी होत्या. कुणीतरी "या अल्ला" म्हणालं, कुणीतरी "अवं माय" म्हणालं.

"हात काढा," आपा म्हणाल्या.

"आपा, अहो…"

"हात काढा. शिवण दिसत नाही."

मी हात काढला. आपा चष्मा वर सरकवून पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की नाक टेकायचंच बाकी राहिलं. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "जाळी दुहेरी घेतली आणि आत मांजरपाटाचं अस्तर लावलं तर?" मुली पुढे सरकल्या. एकीनं खडू उचलून टेबलावरच रेघ ओढली, दुसरीनं ती पुसून दोन बोटं खाली ओढली. खिडकीपाशी बसलेली बाईही सुई पदरात खोचून उठली आणि म्हणाली, अस्तर नको, जाळीच तिहेरी घ्या, उन्हाळ्यात वारा लागेल. त्यावर पुन्हा वाद सुरू झाला आणि मी टाइप करत राहिले.